नलूच्या नावाचा दाखला

हे मी आजपर्यंत कोणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरीजवळ नाही. बोलायचं नव्हतं असं नाही. पण दरवेळी तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बाहेर यायचं: पावसाचं, तुरीच्या भावाचं, माझ्या गुडघ्यांचं. माणूस स्वतःच्या गुडघ्यांविषयी किती वर्षं बोलू शकतो? मी वीस वर्षं बोललो.

आता सत्त्याहत्तर चालू आहे. माझ्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या शाळेच्या दाखल्यांखाली, एका बँकेचा कागद आहे. दोन वाक्यांचा. खाली सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. तो कागद ज्या बाईसाठी लिहिला गेला तिच्या हातात तो कधी पडला नाही, कारण तो माझ्या खिशात होता. हेच सांगायचं आहे. पण एकदम सांगता येत नाही हो — आधी नलूविषयी सांगू द्या. ती कशी होती हे कळलं नाही तर त्या कागदाचं वजन तुम्हाला कळणार नाही.

नलू म्हणजे माझी धाकटी बहीण. सहा वर्षांनी लहान. लग्न होऊन पुसदला गेली. नवरा एस. टी.त कंडक्टर, मुका माणूस म्हणावा इतका शांत, आणि ही अशी की विनोद सांगायच्या आधीच हसून घ्यायची, मग आपण विनोद न ऐकताच हसायचो. दिवाळीला दारव्ह्याला यायची तेव्हा स्टँडवरूनच तिचा आवाज ऐकू यायचा. लोणच्याच्या बरणीचं सामान म्हणून तिकीट मागणाऱ्या कंडक्टरशी भांडत उतरायची. "माह्या घरचाच कंडक्टर हाय बाप्पा! मले नको शिकवू. बरणी काय सीटवर बसून आली का?" आणि खाली उतरल्यावर त्याच कंडक्टरला कागदावर लोणच्याच्या दोन फोडी काढून द्यायची.

आमचे वडील छोट्या रेल्वेत माल खात्यात कारकून होते. कापसाच्या गाठी मोजण्यात आयुष्य गेलं. त्यांनी दारव्ह्यात नझुलाची, म्हणजे सरकारी पट्ट्याची, एक छोटी जागा घेऊन तीन खोल्या बांधल्या, पुढे दुकानासाठी गाळा काढला. ते गेल्यावर मिळकतीवर नावं चढवायची वेळ आली. तुम्हाला रीत माहीतच आहे — बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची, भावानं तिला एक लुगडं घ्यायचं, आणि सगळ्यांनी चहा प्यायचा. काकांनी कागद तयारसुद्धा करून आणला होता. लुगडंही आणलं होतं, हिरवं.

मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "लुगडं तिले द्या. कागद फाडा. नलूचं नाव राहील."

काका म्हणाले, "अबे, पुढं पंचाईत होईल. बाईचं नाव ठेवू नये."

"काहून ठेवू नये? बापाची पोरगी नाही का ते?"

नझूल कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून नलू रडली. नंतर पुसदमध्ये ज्याला त्याला सांगत राहिली — माझ्या दादानं माझं नाव काढलं नाही. शेजारणींना, मास्तरणीला, भाजीवालीला. मी तिच्या घरी गेलो की नवीन कोणीतरी बाई मला बघायला यायची, जसं काही मी मोठं काम करून आलो होतो. आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. फार आवडायचं. चांगला भाऊ म्हणून मी जवळजवळ पंधरा वर्षं त्या एका दिवसावर जगलो.

तिचं नाव ठेवलं तो मीच. हे लक्षात ठेवा.

गाळ्यात माझं सरकी-ढेपेचं दुकान होतं. जिनिंगमधून सरकी घ्यायची, घाणीवाल्याला द्यायची, त्याच्याकडून ढेप आणून बैलवाल्यांना विकायची. बरं चालायचं. मग मला वाटलं, घाणी आपलीच असली तर? तेलाचा पैसा दुसऱ्यानं का खावा? गावातल्या एका बँकेत गेलो. मॅनेजर ओळखीचा, दुकानावर येऊन पान खाणारा. तो म्हणाला, घर तारण द्या, कर्ज तुमच्या एकट्याच्या नावानं करू. फक्त घरावर बहिणीचंही नाव आहे, तर तिचं संमतिपत्र लागेल. ती कर्जदार नाही, जामीनदार नाही. सहमालक म्हणून तिची हरकत नाही, एवढंच. त्यानं कागद माझ्याच हातात दिला. खरं म्हणजे त्यानं तिला बोलवायला हवं होतं. पण ते त्याच्यावर ढकलत नाही. कागद माझ्या हातात होता.

तिला सांगितलं असतं तर तिनं सही दिली नसती का? दिली असती! हेच तर — ती दोन मिनिटांत देऊन मोकळी झाली असती. मग का नाही सांगितलं? मी पुष्कळ विचार केला आहे यावर. मला वाटतं, ज्या भावानं तिचं नाव राखलं त्यानंच आता त्या नावावर पैसे उचलायला तिच्यापुढे कागद धरायचा, ते मला जमलं नाही. पंधरा वर्षांचं कौतुक एका सहीनं खाली आलं असतं. लाज म्हणा, घमेंड म्हणा. दोन्ही एकच असतात बऱ्याचदा.

भाऊबीज होती. नलूनं ओवाळलं, मी ताटात साडी ठेवली. ती निरांजन बाजूला ठेवत होती तेवढ्यात मी कागद पुढे केला. "इथं एक सही कर. घरपट्टीचा हाय."

नलू सातवी शिकलेली. वाचता यायचं तिला, वर्तमानपत्र रोज वाचायची. म्हणाली, "वाचू का?"

"त्याच्यात काय वाचतं? चहा थंडा होऊन राह्यला."

ती हसली. "तू म्हणतं त झालं," म्हणाली आणि सही केली. बोटाला कुंकू होतं, ते कागदाच्या कोपऱ्यात उमटलं. मी तो कागद तसाच बँकेत दिला. कारकुनानं ते लाल बोट पाहिलं आणि जपून फाइलला लावलं. हा कारकून पुढे येणार आहे. जाड चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस. नाव सांगत नाही, त्याचं नाव आमच्या घरात पुरेसं खराब झालं आहे.

घाणी बसली, आणि तिच्यामागे कापसाची वाईट वर्षं आली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात घरोघरी काय काय झालं ते तुम्ही वाचलं आहे. त्या रांगेत मी माझं दुःख उभं करणार नाही, माझी ती लायकी नाही. माझ्या बाजूनं एवढंच झालं की लोकांनी बैल विकले. बैल नाहीत तर ढेप कोण घेणार? पोती दुकानात पडून बुरसली. हप्ते थकले. बँकेनं आधी पत्रं पाठवली, मग माणसं, मग जाहीर नोटीस.

नोटीस घराच्या दारावर चिकटवली, नगरपालिकेच्या फळ्यावर लावली आणि पेपरात छापली. कर्जदार म्हणून माझं नाव. त्याखाली बारीक अक्षरात 'मिळकतीचे सहमालक' असं लिहून नलूचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, मुक्काम पुसद. आता सांगा, पेपरातली लिलावाची नोटीस कोण रकान्यांची शीर्षकं बघून वाचतं? लोक नावं वाचतात. दोन नावं होती, लोकांच्या हिशेबी बुडवे दोन.

घर गेलं. त्यात तिचा अर्धा वाटाही गेला. मी तिला तोंड कसं दाखवावं या विचारात भाड्याच्या खोलीत सामान लावत होतो, तर ती स्वतःच आली. तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन. खोलीभर फिरून म्हणाली, "घर गेलं त गेलं. दादा त राह्यला ना? वहिनी, चहा टाक." तिचा वाटा कसा गेला, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. तिला वाटलं असावं, कायदाच तसा असतो.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी डाळ नव्हती. हातात पेपरचं कात्रण होतं.

पुसदला तिचा बायकांचा बचत गट होता, बारा जणींचा. ती अध्यक्षा. कपाळावर कुंकू मिरवावं तसं ती हे अध्यक्षपद मिरवायची. वही, शिक्का, खांद्याला पर्स. गटाला डाळ मिल घ्यायची होती, तिथल्या बँकेचं कर्ज जवळजवळ मंजूर होतं. आणि साहेबानं फाइलमधून हे कात्रण काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हणाला, बाई, तुमच्या नावावर दारव्ह्याला थकबाकी दिसते. तुम्ही अध्यक्षा असाल तर कर्ज होणार नाही. ती म्हणाली, मी एक पैसा घेतला नाही. तो म्हणाला, तसं असेल तर सोपं आहे — त्या बँकेचा दाखला आणा, की कर्ज तुमच्या नावावर नव्हतं. पंधरा दिवसांत आणा.

"दादा, माहं नाव कसं काय आलं याच्यात?" तिनं विचारलं.

बघा, इथं तरी मी सांगू शकलो असतो. खोलीत आम्ही दोघंच होतो. बायको नळावर गेली होती. आणि मी म्हणालो, "कारकुनाची चूक. तो चष्मेवाला हाय ना, त्यानं नजरचुकीनं टाकलं तुह्यं नाव."

इतकं सहज निघालं तोंडातून, की मलाच ते खरं वाटलं.

नलू खवळली. "अन् तू गप बसला? जाय ना बाप्पा! त्याले सांग दुरुस्त कराले!"

मी गेलो. मॅनेजर बदलून गेला होता, नवा होता. त्यानं फाइल मागवली, पाहिली, आणि त्याच चष्मेवाल्याला दाखला टाइप करायला सांगितला. अर्ध्या तासात दिला हो त्यांनी! कोणी अडवलं नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. मी बँकेच्या पायरीवर उभा राहून वाचला.

पहिलं वाक्य: सदर कर्जाशी नलिनीबाईंचा कर्जदार अथवा जामीनदार म्हणून कोणताही संबंध नव्हता आणि त्यांच्याकडून बँकेचं काहीही येणं नाही. दुसरं वाक्य: त्यांनी केवळ मिळकतीच्या सहमालक या नात्यानं अमुक तारखेच्या संमतिपत्रावर सही केलेली आहे.

पहिल्या वाक्यानं नलू सुटत होती. दुसऱ्यात मी सापडत होतो. तारीख भाऊबिजेची होती.

मी परत आत गेलो. कारकुनाला म्हटलं, ही दुसरी ओळ काढता येईल का? तो चष्मा पुसत म्हणाला, "बापू, फाइलीत हाय तेवढंच लेह्यलं. एक ओळ काढून दाखला कसा देऊ?"

बरोबर होतं त्याचं. मी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या बूथमध्ये जाऊन पुसदला फोन लावला. शेजारच्यांच्या घरी फोन होता, नलू धावत आली असेल, तिला धाप लागली होती. मी म्हणालो, "नाही देत म्हणतात. तो चष्मेवाला चूकच कबूल करत नाही."

बूथवाल्याला पैसे दिले. बाहेर आलो. आठवडी बाजाराचा दिवस होता, समोर एक बाई हिरव्या मिरचीचे वाटे लावत होती. हे सगळं इतकं स्पष्ट आठवतं, आणि फोनवर ती काय बोलली ते मात्र आठवत नाही. कदाचित काही बोलली नसेल. तुम्ही म्हणाल, नलू गप्प? तेच तर.

पंधरा दिवस झाले आणि तिनं राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. बारा जणींचं काम आपल्या नावापायी अडू नये म्हणून. शिक्का, वही, सगळं शेजारच्या रुखमाला दिलं. कर्ज झालं, मिल आली. नारळ रुखमानं फोडला. नलू मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं. त्या मुक्या माणसानं मला आपणहून सांगितलेली ती बहुतेक एकच गोष्ट. पुढे बरीच वर्षं ती त्या मिलमध्ये डाळ पाखडायची आणि पोती शिवायची. गटातल्या एकदोघी कधी भांडण झालं की म्हणायच्या, "तू नको बोलू, तुह्यं त पेपरात आल्तं." ती हसून उत्तर द्यायची, "हो ना, तुह्यं कधी आलं का पेपरात?"

आणि शिव्या सगळ्या त्या कारकुनाला. दर दिवाळीला नवी. "त्या चष्मेवाल्याच्या पायाले रोज एकाच बोटाले ठेच लागो." "त्याच्या पोह्यात रोज एक खडा निघो." आम्ही सगळे पोट धरून हसायचो. मीही हसायचो. काय करणार होतो?

माझ्या मुलीच्या लग्नात तो कारकून आला. गावातला माणूस, पत्रिका द्यावीच लागते. नलू पंगतीत जिलबी वाढत होती. त्याच्यापुढे आली, थांबली, ताट हातात तसंच धरून म्हणाली, "काय हो साहेब, चष्मा तोच हाय का अजून? का आता दिसते बरं?"

आजूबाजूची माणसं हसली. त्यानं वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी पलीकडे पाण्याचा जग घेऊन उभा होतो. त्याच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. जिलबीसाठी पत्रावळ पुढे करून तो म्हणाला, "नंबर वाढला बाई. आता त जवळचंही दिसत नाही." नलूनं जिलबी वाढली. एकच.

मांडवाच्या बाहेर चपला घालताना तो माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "बापू, दाखला पोचला नाही वाटते."

मी त्याच्या हातावर पानाचा विडा ठेवला. त्यानं कधीच कोणाला काही सांगितलं नाही. तिच्या शिव्या खात राहिला बिचारा, आणि रस्त्यात भेटला की मला नमस्कार करत राहिला.

तुम्हाला वाटेल, एवढंच का? एक अध्यक्षपद गेलं. नाही हो. नंतर तिच्या नवऱ्यानं पुसदला प्लॉट घेतला तेव्हा तो म्हणाला, दोघांच्या नावानं करू. नलू म्हणाली, "माहं नाव नको. माहं नाव लागलं का कागद नासते." दूध नासावं तसं म्हणाली. बँकेत खातं काढायला गेली नाही. रेशनकार्डावर सोडून तिनं कुठं नाव लावू दिलं नाही. हिच्या नावासाठी मी काकांशी भांडलो होतो, आणि तेच नाव ती आता विटाळ असल्यासारखं कागदापासून लांब ठेवत होती. मी समोर बसून डाळभाजी खात होतो. ती विचारायची, "अजून वाढू का?"

घर गेल्यापासून भाऊबिजेला मी पुसदला जायचो. दरवर्षी दाखला खिशात असायचा. दारव्ह्याला बसमध्ये बसताना मनात वाक्य पूर्ण तयार असायचं. दिग्रस येईपर्यंत त्यातला अर्धा भाग गळायचा. पुसदच्या स्टँडवर ती घ्यायला आलेली असायची, म्हणायची, "गुडघे कसे हायत दादा?" आणि मी गुडघ्यांविषयी बोलू लागायचो.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. पोटाचं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी आठ दिवस तिच्याकडे राहिलो. आवाज बारीक झाला होता पण बोलणं तेच. एका दुपारी तिनं मुलीला जवळ बोलावलं. प्लॉट, पेन्शन, कुठले कुठले कागद पुढे करायचे होते, त्याविषयी समजावत होती. बोलता बोलता म्हणाली, "हे पाह्य, कोणत्याच कागदावर अशीच सही करू नको. आधी मामाले दाखवत जा. मामा वाचून सांगते."

भाचीनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पण हलवली. दाखला तेव्हाही खिशात होता, बंडीच्या आतल्या. घड्यांवर फाटत आलेला. मी बाहेर ओसरीत आलो, बराच वेळ उभा राहिलो, परत आत गेलो. नलूचा डोळा लागला होता. मी वाट पाहिली. जागी झाली तेव्हा पाणी मागितलं, मी पाजलं. म्हणाली, "बस ना, उभा कायले?" मी बसलो. तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

परवा भाची कागद घेऊन आली होती, वाचून घ्यायला. मी वाचून दिले. एकूण एक ओळ वाचली, मोठ्यानं. भाची परत गेल्यावर पेटी उघडली आणि दाखला काढला. उद्या पुसदला जाऊन तो भाचीच्या हातात देणार आहे, तिनं काय करायचं ते करावं. चष्मेवाला कारकून अजून आहे, दारव्ह्यातच. त्याच्याही घरी जायचं आहे. पण जिला द्यायचा होता तिला काही तो मिळणार नाही. दारव्हा ते पुसद बसमध्ये जे वाक्य दरवर्षी गळून जायचं, ते इथं लिहून ठेवतो, निदान पूर्ण तरी होईल —

नले, तो कागद घरपट्टीचा नव्हता. त्या चष्मेवाल्याची काही चूक नव्हती, त्यानं दाखला त्याच दिवशी देल्ला होता. मीच तुले देल्ला नाही. तुह्यं नाव साफ होतं, नले. पह्यल्या दिवसापासून साफ होतं. चुकलो मी.